समुद्रातील तेल आणि अमानतीचा हिशेब



एखाद्या घराला एकच वर्ष भरघोस सुगीचे लाभते. तो पैसा कसा वापरला, यावर पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात. राष्ट्राच्या खनिज संपत्तीचेही तसेच आहे.

१९७३च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि काही महिन्यांतच भाव जवळजवळ चौपट झाले. त्या वेळी भारताचे अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. जन्म देवराष्ट्रे येथे, शिक्षण कराडात. अशा ओढगस्तीच्या काळात, फेब्रुवारी १९७४ मध्ये, 'सागर सम्राट'ने मुंबईजवळच्या अरबी समुद्रात तेल शोधून काढले. मे १९७६ मध्ये मुंबई हायचे उत्पादन सुरू झाले.

हे तेल कोणाचे? राज्यघटनेच्या २९७व्या कलमानुसार समुद्रतळाची संपत्ती केंद्राची. त्यामुळे आसाम व गुजरात यांना जमिनीवरील तेलाचे स्वामित्वधन मिळते, तसे मुंबई हायचे महाराष्ट्राला मिळत नाही.

१९७४ मध्येच संसदेने तेल उद्योग विकास कायदा करून कच्च्या तेलावर उपकर बसवला. जानेवारी १९७५ मध्ये त्यासाठी मंडळही स्थापन झाले. परंतु उपकर प्रथम केंद्राच्या एकत्रित निधीत जमा होतो. मंडळाला किती द्यायचे ते संसद ठरवते. प्रत्यक्षात त्यातील फार मोठा भाग सर्वसाधारण खर्चातच गेला. पुढे १९८९च्या सुमारास मुंबई हायचे उत्पादन शिखराला पोहोचून उतरू लागले.

आता कुवेतकडे पाहा. त्या देशाने १९५३ मध्येच तेलाचा पैसा गुंतवण्यासाठी मंडळ नेमले आणि १९७६ मध्ये भावी पिढ्यांसाठी निधी उभारून दरवर्षी महसुलाचा दहावा हिस्सा त्यात घालण्याचे ठरवले. १९९० मध्ये इराकने देश गिळला, तेव्हा परदेशात सुरक्षित राहिलेली हीच पुंजी निर्वासित सरकारच्या कामी आली. अर्थात कुवेत छोटा आणि भारताच्या गरजा अफाट. त्यामुळे सगळेच साठवा, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

तरीही तत्त्व आपल्या ओळखीचे आहे. वक्फमध्ये मूळ मिळकत राखायची आणि उत्पन्न सत्कार्यी लावायचे असते. मुतवल्ली मालक नसतो, अमानतदार असतो. जमिनीतून एकदा काढलेले तेल परत येत नाही. त्याचे मोल शाळेत, रस्त्यात वा निधीत उरले पाहिजे.

म्हणून विद्यार्थ्यांनो, संस्थेचा जमाखर्च वाचता तसाच देशाचा अर्थसंकल्पही वाचायला शिका. ज्या कामासाठी पैसा गोळा झाला त्याच कामी तो लागला का, हे विचारणे नागरिकाचे कर्तव्यच आहे.