पोटासाठी बांधलेलं चर्च

नाताळ जवळ आला की हैदराबाद-सिकंदराबादेत चर्चची मंडळी फुटपाथवर झोपणाऱ्यांना ब्लँकेटं आणि जेवणाची पाकिटं वाटत फिरतात. चांगलंच आहे ते. पण या मुलखात नाताळची आणि भुकेल्याच्या जेवणाची सर्वांत मोठी गाठ पडली ती वाटपातून नव्हे, मजुरीतून. शहरापासून शंभरेक किलोमीटरवर, मेदकला, ती गाठ दगडात उभी आहे.

चार्ल्स वॉकर पॉस्नेट हा वेस्लियन मेथडिस्ट मिशनरी. १८९५च्या सुमारास तो सिकंदराबादच्या छावणीत गोऱ्या शिपायांसाठी आला, पण तिथे न रमता खेड्यांकडे वळला आणि मेदकला ठाण मांडून बसला. राज्य निजामाचं, आपला मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात. १९१४ साली त्यानं चर्चचं काम काढलं. पुढची वर्षं महायुद्धाची, महागाईची. १९१८ला तर पावसानं साऱ्या दख्खनला दगा दिला. मेदकमध्ये आजही सांगतात, की पोटामागे घर सोडून निघालेल्यांना पॉस्नेटनं सदावर्ताच्या रांगेत बसवलं नाही, बांधकामावर घेतलं. दगड वाहा, चुना मळा, आणि अन्न घेऊन जा. हे दहा वर्षं चाललं.

ही युक्ती पॉस्नेटच्या डोक्यातून निघालेली नव्हे. लखनौचा बडा इमामबाडा नवाब असफउद्दौलानं १७८४च्या दुष्काळात रयतेला काम मिळावं म्हणूनच बांधायला घेतला. इंग्रजांनीही दुष्काळी कामं काढली, पण तिथे युक्तीचं पार चिपाड झालं. १८७७मध्ये सर रिचर्ड टेंपलनं धडधाकट पुरुषाची दिवसाची मजुरी ठरवली: एक पौंड धान्य आणि वर एक आणा. दिवसभर खडी फोडणाऱ्याला! मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम टाकून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांचं गाऱ्हाणं सरकारपुढे मांडलं. म्हणजे कामाच्या बदल्यात अन्न एवढ्यानं काही ठरत नाही. माप कोणाच्या हातात आहे, ते बघावं लागतं.

मेदकच्या कामावर आणि पुढे मंडळीत जी माणसं आली, त्यांत माला आणि मादिगा जातींची पुष्कळ. देवळाची पायरी त्यांना बंद होती. भातासाठी धर्म सोडला, हा टोमणा त्यांनाही ऐकावा लागला. आमच्या नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना तो काही नवा नाही. भात हे एक कारण असणारच, नाकारायचं कशाला? पण दुष्काळ सरल्यावरही ती माणसं तिथेच राहिली, त्याचं उत्तर टोमणा मारणाऱ्यांकडे नसतं.

इमारत शंभर फूट रुंद, दोनशे फूट लांब. मनोरा १७५ फुटांचा. तो चारमिनारपेक्षा उंच, म्हणून निजामसरकारची भुवई वर गेली होती, असं मेदककर रंगवून सांगतात. आत पाचेक हजार माणसं मावतात. चर्च खुलं करण्यासाठी दिवस निवडला तो २५ डिसेंबर १९२४. आजही नाताळच्या पहाटे तिथे तेलंगणातूनच नव्हे, कर्नाटक-महाराष्ट्रातूनही माणसं येतात. त्यांत हिंदू-मुसलमानही पुष्कळ.

पॉस्नेटची दानत मोठी, पण काम देणं-न देणं शेवटी त्याच्या मर्जीवर होतं. ती मर्जी काढून टाकण्याची खटपट पुढे महाराष्ट्रात झाली. वि. स. पागे यांनी १९६५मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देऊन पाहिलं. १९७२च्या दुष्काळात लाखो बायाबापड्या खडी फोडायला बसल्या. १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. काम देता आलं नाही तर सरकारनं बेकारभत्ता द्यायचा, असं त्यात लिहिलं आहे. सुरुवातीला तो दिवसाला एक रुपया होता.