मुंबईतील केरकचऱ्याची व्यवस्था

नागरी वस्तीतील घरे, दुकाने, बाजार, उपाहारगृहे, कारखाने, रुग्णालये व रस्ते यांतून रोज निघणारे घनरूप टाकाऊ पदार्थ गोळा करणे, ते वाहून नेणे आणि आरोग्यास अपाय होणार नाही अशा रीतीने त्यांची विल्हेवाट लावणे, या तीन कामांचा केरकचऱ्याच्या व्यवस्थेत समावेश होतो. मैला व सांडपाणी यांचा निचरा हा आज स्वतंत्र विषय मानला जातो. तथापि एकोणिसाव्या शतकात ही दोन्ही कामे नगरसफाई या एकाच सदराखाली येत. भारतात ही व्यवस्था स्थानिक स्वराज्य संस्थांचे बंधनकारक कर्तव्य कशी ठरली आणि ‘सुरक्षित विल्हेवाट’ या कल्पनेत कसकसा फरक पडत गेला, हे मुंबई शहराच्या इतिहासावरून स्पष्ट होते. कचरा दृष्टीआड करणे म्हणजेच त्याची विल्हेवाट लावणे, ही समजूत या शहरात शतकाहून अधिक काळ टिकून राहिली. तिची किंमत प्रामुख्याने शहराच्या सीमेवर राहणाऱ्या वस्तीला व सफाईचे काम करणाऱ्या वर्गाला मोजावी लागली.

पार्श्वभूमी : कृषिप्रधान खेड्यात घरातील केर, चुलीतील राख, शेण व उष्टे-खरकटे उकिरड्यावर जाई आणि कुजल्यावर तेच खत म्हणून शेतात पडे. घर आणि शेत यांना जोडणारे हे चक्र मोठ्या शहरात तुटले. दाट वस्तीत उकिरड्यास जागा उरली नाही व निर्माण होणाऱ्या केराला जवळपास शेतही राहिले नाही. यूरोपातील औद्योगिक शहरांना हा प्रश्न प्रथम जाणवला. इंग्लंडमध्ये १८४८ व १८७५ च्या सार्वजनिक आरोग्यविषयक कायद्यांनी नगरसफाईची जबाबदारी स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचा पाया घातला. १८७४ मध्ये नॉटिंगॅम येथे कचरा जाळण्याची पहिली पद्धतशीर भट्टी उभारण्यात आली. पॅरिसमध्ये १८८४ साली तेथील प्रशासक अझेन प्युबेल याने प्रत्येक घरमालकाने भाडेकऱ्यांसाठी झाकणाची कचरापेटी ठेवावी, असा हुकूम काढला. कचऱ्यातून चिंध्या व अन्य वस्तू वेचून उपजीविका करणाऱ्या लोकांनी या हुकमास विरोध केला. कचरापेटीला फ्रेंच भाषेत प्युबेल याचेच नाव पडले. सफाईच्या प्रत्येक सुधारणेत कचऱ्यावर जगणाऱ्यांचा प्रश्न गुंतलेला असतो, हे या घटनेवरून दिसून येते.

मुंबईतील आरंभ : मुंबईत १८४५ मध्ये नगरसफाईसाठी एक मंडळ नेमण्यात आले व १८५८ मध्ये त्याच्या जागी तीन आयुक्तांची नेमणूक झाली. १८६५ च्या कायद्याने सर्व कार्यकारी अधिकार एका आयुक्ताच्या हाती आले. पहिला आयुक्त आर्थर क्रॉफर्ड व आरोग्य-अधिकारी टॉमस हेवलेट यांनी सफाईचे काम नेटाने हाती घेतले. तथापि क्रॉफर्डच्या कारकीर्दीतील खर्चामुळे करदात्यांत असंतोष माजला. त्याचे पर्यवसान १८७२ च्या कायद्यात होऊन ६४ सदस्यांची महानगरपालिका अस्तित्वात आली. अशा रीतीने सफाईच्या खर्चाचा वाद हे मुंबईच्या नागरी स्वराज्याच्या जन्माचे एक कारण ठरले.

या काळात जमा होणाऱ्या केराचा मोठा भाग मुंबईच्या मूळ बेटांमधील सखल व दलदलीची जमीन भरून काढण्यासाठी वापरला गेला. भायखळा-महालक्ष्मी भागातील अशा जागांना ‘फ्लॅट्स’ म्हणत. कचरा नाहीसा होतो व जमीनही मिळते, असा दुहेरी लाभ त्यात दिसत असे. परंतु भरावातील सेंद्रिय द्रव्य मातीखाली दीर्घकाळ कुजत राही. शिवाय अशा जमिनीवर पुढे वस्तीही झाली.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या ६१ व्या कलमात केरकचरा व मैला उचलणे आणि त्यांची विल्हेवाट लावणे, हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य म्हणून नमूद झाले. जागेच्या भोगवटादाराने आपला केर नेमून दिलेल्या पात्रात किंवा जागी नेऊन टाकावा व तेथून पुढील जबाबदारी पालिकेने उचलावी, अशी या कायद्याची सर्वसाधारण योजना होती. सार्वजनिक कचराकुंडीची पद्धत हे या योजनेचेच फळ होय. या योजनेमुळे शहराला नियमित सेवा मिळाली, तसेच कुंडीपलीकडे काय होते याचा विचार करण्याचे नागरिकास कारण राहिले नाही. राज्यातील इतर शहरांसाठी झालेल्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात व १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातही हे कर्तव्य बंधनकारक मानण्यात आले.

प्लेग आणि सफाई कामगार : सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी विभागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्यांनी प्लेगचे निदान केले [⟶ प्लेग]. रोगाचे कारण घाण व तिच्यातून निघणारी दूषित हवा हेच आहे, असा त्या वेळी सर्वसाधारण समज होता. त्यामुळे गटारे धुणे, केर उचलणे व घरे निर्जंतुक करणे यांवर मोठा भर देण्यात आला. उंदीर व त्यांच्या अंगावरील पिसवा यांच्याद्वारे रोग पसरतो, हे नंतर सिद्ध झाले. तथापि साचलेला केर व धान्याची नासाडी यांवर उंदीर पोसले जात असल्याने सफाईचा रोगनिवारणाशी असलेला संबंध सर्वस्वी निराधार नव्हता.

रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा हुकूम ऑक्टोबर १८९६ मध्ये निघाला. त्यामुळे शहरात घबराट पसरली व लोक मोठ्या संख्येने मुंबई सोडून जाऊ लागले. मैला उचलणारे हलालखोर व रस्ते झाडणारे बिगारी हेही निघून गेले, तर शहर राहण्यालायक उरणार नाही, अशी भीती तत्कालीन आयुक्त पी. सी. एच. स्नो याला वाटली. सक्तीचा हुकूम सौम्य करण्यामागे हेही एक कारण होते, असे त्याच्या अहवालावरून दिसते. ज्या वर्गाला समाजाने अस्पृश्य लेखले, त्याच्याच श्रमांवर राजधानीचे जीवन अवलंबून असल्याची ही अधिकृत कबुलीच होय.

या कामगारांची भरती मुख्यतः दलित जातींतून होई. महाराष्ट्रातील लोकांबरोबर गुजरात व काठेवाड येथून आलेली कुटुंबेही त्यांत होती. पालिकेची नोकरी निश्चित वेतनाची असली, तरी तिने जातीने ठरविलेल्या कामाला शासकीय चाकोरीत बसविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मुंबई म्युनिसिपल कामगार संघाची स्थापना करून या वर्गाला संघटनेचा आधार दिला. पुढील काळात कायम नोकऱ्यांच्या जागी कंत्राटी पद्धत आली. कचरा वाहतूक श्रमिक संघाने दिलेल्या दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे सु. २,७०० कंत्राटी कामगारांचा पालिकेच्या सेवेत कायम होण्याचा हक्क मान्य झाला.

देवनार : शहरातील सखल जागा संपत आल्यावर कचऱ्यासाठी दूरची जागा शोधणे भाग पडले. चेंबूरजवळची खाडीकाठची खाजण जमीन त्यासाठी निवडण्यात आली. हा भाग त्या वेळी मुंबईच्या हद्दीबाहेर होता. १९०६ मध्ये बांधलेला कुर्ला-चेंबूर लोहमार्ग प्रारंभी कचऱ्याच्या वाहतुकीसाठी वापरला जाई. उतारूंची वाहतूक त्यावरून १९२४ मध्ये सुरू झाली. शहरातील केर गाड्यांतून महालक्ष्मी येथे आणीत व तेथून तो आगगाडीने चेंबूरकडे नेत. देवनार येथील क्षेपणभूमी १९२७ पासून वापरात आली. सु. १३२ हेक्टर क्षेत्राची ही जागा देशातील सर्वांत जुन्या व मोठ्या क्षेपणभूमींपैकी एक गणली जाते.

१९५० व १९५७ मध्ये मुंबईची हद्द उपनगरांपर्यंत वाढली आणि एकेकाळी शहराबाहेर टाकलेला कचरा शहराच्या आत आला. पुढे देवनारच्या लगत गोवंडीतील शिवाजीनगरासारख्या पुनर्वसन वसाहती वसल्या. शहरातील अन्य ठिकाणच्या झोपड्या हटविल्यानंतर तेथील कुटुंबांना या भागात जागा देण्यात आल्या. धूर, दुर्गंधी व दूषित पाणी यांचा उपद्रव मुख्यतः याच वस्तीला सोसावा लागला. त्याचबरोबर कचऱ्यातील काच, कागद, धातू व प्लॅस्टिक वेचण्याचा व्यवसाय तेथे वाढला. पालिकेच्या हिशेबात न दिसणाऱ्या या श्रमांमुळे बराच माल पुन्हा कारखान्यांकडे वळला.

जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या कचऱ्यास मोठी आग लागली. धुराचे लोट अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांतही दिसले व आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. उघड्या क्षेपणभूमीत कचरा कुजताना मिथेन हा ज्वालाग्राही वायू निर्माण होतो, त्यामुळे अशा आगी वरून विझविल्या, तरी आत धुमसत राहतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याच्या व्यवस्थेतील त्रुटींमुळे शहरातील नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सशर्त शिथिल केले. कचऱ्याची जागा संपली, तर शहराची वाढही थांबते, हे सूत्र त्यामुळे प्रथमच न्यायालयीन भाषेत मांडले गेले.

विल्हेवाटीच्या पद्धती : भारतीय शहरांतील केरात भाजीपाला, अन्न व पालापाचोळा यांचे प्रमाण अधिक असल्याने तो ओला असतो व त्याचे उष्णतामूल्य कमी असते. यूरोपीय धर्तीच्या भट्ट्या येथे सहसा यशस्वी न होण्याचे हे मुख्य कारण होय. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ मध्ये उभारलेले भस्मीकरण-केंद्र याच कारणाने अल्पावधीत बंद पडले. याउलट कुजवून खत करण्याची पद्धत अशा केराला अनुकूल आहे. ॲल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे कंपोस्ट खताची पद्धत विकसित केली. तिचे विवेचन त्यांनी यशवंत वाड या सहकाऱ्यासमवेत १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले [⟶ कंपोस्ट खत]. मात्र केरात काच, प्लॅस्टिक वा रसायने मिसळली, की खत निरुपयोगी होते. म्हणून कचरा निर्माण होताच तो वेगळा करणे ही या पद्धतीची पूर्वअट ठरते.

आधुनिक कायदे : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कचऱ्याचे स्वरूप पालटले. घातक अपशिष्टांविषयी १९८९ मध्ये व जैववैद्यकीय अपशिष्टांविषयी १९९८ मध्ये केंद्र शासनाने स्वतंत्र नियम केले. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा-व्यवस्थेचा नगरपालिकांच्या कार्यांत उल्लेख झाला. १९९४ मध्ये सुरत येथे प्लेगची साथ उद्भवल्याने साचलेल्या कचऱ्याकडे देशाचे लक्ष वेधले गेले. १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहितार्थ याचिकेतून २००० चे नागरी घनकचरा नियम निष्पन्न झाले.

२०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन वर्ग करून ते उगमापाशीच वेगळे ठेवण्याचे बंधन नागरिकांवर घातले. घरगुती घातक वर्गात रंगांचे व कीटकनाशकांचे डबे, विद्युत् घट, पाऱ्याचे तापमापक, मुदत संपलेली औषधे, वापरलेल्या सुया इ. वस्तू येत. त्या स्वीकारण्यासाठी दर २० चौ. किमी. क्षेत्रामागे एक केंद्र स्थानिक संस्थेने उभारावे, अशी तरतूद त्यांत होती. दररोज सरासरी १०० किग्रॅ. पेक्षा अधिक कचरा करणारी उपाहारगृहे, बाजार, संस्था व वसाहती यांना मोठे कचरा-उत्पादक मानण्यात आले. त्यानुसार अशा उत्पादकांनी आपल्या ओल्या कचऱ्यावर स्वतःच्या आवारातच प्रक्रिया करावी, असा आग्रह मुंबई महानगरपालिकेने २०१७ मध्ये धरला. १८८८ च्या कायद्यात नागरिकाची जबाबदारी कचराकुंडीपाशी संपत असे. नव्या नियमांत ती त्याच्या घरात व दुकानातच सुरू झाली.

लोकसहभागाचे प्रयोग : मुंबईत १९९७ च्या सुमारास नागरिकांच्या सहकार्याने परिसर-व्यवस्थापनाची योजना सुरू झाली व काही वसाहतींनी ओल्या केराचे खत करण्यास प्रारंभ केला. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उदयास आली. २००८ पासून या संस्थेच्या सभासदांनी पुणे महानगरपालिकेशी झालेल्या करारानुसार घरोघर जाऊन कचरा गोळा करण्याचे काम केले. बहुसंख्य सभासद दलित स्त्रिया असलेल्या या संस्थेने कचरावेचकांना ओळखपत्र, सेवाशुल्क व विक्रीयोग्य मालावरील हक्क मिळवून दिला. पॅरिसमधील १८८४ च्या सुधारणेत ज्यांना बाजूला सारले गेले, त्याच वर्गाला येथे व्यवस्थेचे अंग म्हणून स्थान मिळाले.

समालोचन : फ्लॅट्स, चेंबूर, देवनार व त्यानंतर गोराई, मुलुंड आणि कांजूरमार्ग हा मुंबईच्या कचऱ्याचा प्रवास म्हणजे शहराच्या सरकत्या सीमेचाच आलेख आहे. प्रत्येक टप्प्यावर कचरा दूर गेला. परंतु नाहीसा झाला नाही. कायद्याने आता विल्हेवाटीचा केंद्रबिंदू क्षेपणभूमीवरून उगमस्थानाकडे आणला आहे. त्याचे यश घराघरांत होणारे वर्गीकरण, वेगळा केलेला कचरा वेगळाच वाहून नेण्याची पालिकेची क्षमता आणि सफाई कामगारांना मिळणारी सुरक्षितता व प्रतिष्ठा या तिन्हींवर अवलंबून आहे. यांपैकी एकही अंग दुबळे राहिले, तर वेगळा केलेला कचरा पुन्हा एकाच ढिगात मिसळतो आणि त्या ढिगाचा भार पूर्वीच्याच माणसांवर पडतो.