तंजावरची अदृश्य भूमी

तंजावरच्या परिसरात नजर अडेल असा डोंगर नाही. कावेरीच्या गाळाने घडविलेला हा सपाट प्रदेश भातशेतीला जितका अनुकूल, तितकाच मोजणीदाराला प्रतिकूल. १८०८ साली, दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत, विल्यम लॅम्बटन त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी येथे आले, तेव्हा उंच जागा म्हणून त्यांना बृहदीश्वराच्या मंदिराचा आश्रय घ्यावा लागला. सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट वर चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून त्याचे वर्तुळ वाकले. ते पूर्ववत केल्यावाचून पुढील एकही कोन विश्वासार्ह ठरला नसता. लॅम्बटन यांनी ते काम स्वतः खपून पार पाडले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच भूमीची दुसरी मोजणी झाली. तिची दिशा मात्र पाताळाकडे होती. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाने कावेरी खोऱ्यात खनिज तेलाचा शोध आरंभिला. जमिनीत लहान स्फोट घडवून लहरी सोडावयाच्या, खालच्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी ओळीने मांडलेल्या जिओफोनांनी टिपावयाचे आणि लागलेल्या वेळावरून खोली काढावयाची, अशी ही रीत. एखादा थर सलग उमटत येतो आणि एका रेषेपाशी एकाएकी तुटून खाली सरकलेला दिसतो. तेथे प्रस्तरभंग असल्याचे अनुमान निघते.

या अनुमानांतून जो नकाशा सिद्ध झाला, तो वरच्या समतल शेतांशी सर्वस्वी विसंगत होता. गोंडवनभूमी दुभंगताना येथील पायाचा खडक ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने फुटला. काही भाग खचले, काही कटकांसारखे उभे राहिले. तंजावरचे उपखोरे ही अशीच एक गाळाने भरलेली खचदरी. १९६४ मध्ये खोऱ्यातील पहिली खोल विहीर खोदली गेली. ऐंशीच्या दशकात नरिमणम येथे तेल गवसले.

प्रस्तरभंग कोठे तेलाला बांध घालतो, कोठे वाट करून देतो. मादानम येथे तर पायाच्या कठीण खडकातील भेगांतच तेल आढळले. अशा बारीक भेगा प्रतिध्वनीत स्वतंत्रपणे उमटत नाहीत. निरनिराळ्या दिशांनी लहरींचा वेग कसा बदलतो, यावरून त्यांचा कल ताडावा लागतो. वेगाचा अंदाज चुकला की खोलीही चुकते. वाकलेल्या वर्तुळाची चूक निदान डोळ्यांना दिसत होती. ही चूक विहीर खोदल्यावरच उघड होते.

तथापि नकाशा अचूक असला, तरी त्या भूमीचे काय करावे हे तो सांगत नाही. २०२० साली तामिळनाडूने कायदा करून तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम आणि लगतचा काही प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरविला व तेथे तेल-वायूचे नवे शोधकार्य निषिद्ध केले. आधीपासून चालू असलेली कामे वगळली. खालच्या थरांचे ज्ञान त्यामुळे निरर्थक ठरले नाही. वरच्या पाचदहा हात मातीचे मोल मात्र त्या नकाशात कधीच मोजले गेले नव्हते.