मस्तगड : कुंडलिकाकाठच्या वस्तीचा पूर्वेतिहास

मराठवाड्याच्या पवित्र भूमीत गोदावरीच्या खोऱ्यात वसलेले जालना हे एक पुरातन नगर आहे. प्रभू रामचंद्रांच्या काळी येथे सीतामाईचे वास्तव्य होते व त्यामुळे या गावास जनकपूर म्हणत, अशी आख्यायिका आहे. पुढे एका धनाढ्य व दानशूर जुलाह्याच्या, म्हणजे विणकराच्या, इच्छेवरून गावास जालना हे नाव पडले असे सांगतात. आख्यायिका खरी की खोटी हा वाद बाजूस ठेवला, तरी एक गोष्ट त्यातून दिसते. या गावाने आपल्या नावाचा मान राजाला न देता एका कष्टकऱ्याला दिला.

कुंडलिका नदी जुना जालना व नवा जालना यांच्या मधून वाहते, पुढे दुधनेस मिळते, दुधना पूर्णेस आणि पूर्णा गोदावरीस. या कुंडलिकेच्या काठी मस्तगडची वस्ती आहे. मस्तगड हे मूळ नाव गढीचे. गढीवरून ते वस्तीस लागले.

गढी कशी उभी राहिली

अकबर बादशहाच्या काळात अबुल फजल काही काळ जालन्यास राहिला होता. दक्षिणेचा सुभेदार असताना औरंगजेबाचाही येथे मुक्काम होत असे. गाव व्यापाराने भरभराटलेले होते. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण उगाच पडलेली नाही. या सोन्याच्या पाळण्याची कीर्ती स्वराज्यापर्यंत पोचली होती. नोव्हेंबर 1679 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी जालन्यावर स्वारी केली. परतताना संगमनेरजवळ मोगली फौजेशी मोठी लढाई झाली व तीत सिधोजी निंबाळकर धारातीर्थी पडले. महाराजांच्या अखेरच्या मोठ्या स्वाऱ्यांपैकी ही एक. आजची गढी तेव्हा नव्हती.

ऑक्टोबर 1724 मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखानाचा पाडाव करून निजामुल्मुल्क आसफजाह दक्षिणेत स्थिर झाला. औरंगाबादपेक्षा जालन्याची हवा त्यास अधिक मानवत असे. त्याच्या आज्ञेवरून काबिलखानाने 1725 मध्ये गावाच्या पूर्वेस किल्ला व बालेकिल्ला बांधला. हा बालेकिल्ला म्हणजेच मस्तगड. बांधकाम चौकोनी असून कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज होते व बांधणीचे साल सांगणारा फारसी शिलालेख होता. आत एक मोठी विहीर असून तिच्या पोटात सज्जे व दालने काढलेली होती. वेढा पडला तर शिबंदीला पाणी हवे आणि उन्हाळ्यात माणसाला गारवा हवा. अशा विहिरीने ही दोन्ही कामे साधतात.

सप्टेंबर 1803 मध्ये असईच्या लढाईपूर्वी तीन आठवडे कर्नल स्टीव्हनसनने जालन्याचा किल्ला शिंद्यांकडून घेतला. त्याच वर्षी 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावच्या तहात अजिंठा डोंगराच्या दक्षिणेकडील मुलुखाबरोबर जालनापूरही शिंद्यांच्या हातून गेले आणि निजामाकडे आले. तेव्हापासून गढीचे लष्करी महत्त्व कमी होत गेले. 1827 मध्ये उभारलेली इंग्रजी छावणी 1903 मध्ये उठली. गढीत पुढे नगरपालिकेच्या कचेऱ्या भरल्या. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली आणि 1 मे 1981 रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला.

पाण्याची व्यवस्था

राजवटी आल्या आणि गेल्या; वस्ती टिकली ती पाण्यामुळे. सोळाव्या शतकात जमशेदखानाने काळी मशीद, हमाम व सराई बांधली. त्याहून मोठे काम म्हणजे मोती तलाव. या तलावाचे पाणी जमिनीखालून नळाने गावातील हौदांत आणले होते. सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. भरभराटीच्या काळात गावाला पाच तलाव होते. पुढे निजामी काळातच बेजनजी फरीदूनजी जालनावाला या पारशी गृहस्थांच्या पुढाकाराने कुंडलिकेवर घाणेवाडीचा जलाशय झाला. त्याचे पाणी केवळ उताराने शहरात येई. गावातील ‘पाणीवेस’ हे नावच पुष्कळ सांगून जाते.

घरांची ठेवण

नदीकाठच्या जुन्या घरांची बांधणीही जाणती होती. पाया व जोते काळ्या दगडाचे, वर पांढऱ्या मातीच्या किंवा भाजक्या विटांच्या रुंद भिंती, सागवानी खांब-तुळया, लादणी आणि त्यावर मातीचे माळवद. दिंडी दरवाजातून आत आले की ढेलज, पुढे चौक, चौकाभोवती सोपा. घर खणांवर मोजत. भिंतीतील बळदात धान्य राही, देवळीत दिवा लागे. चुना घाण्यावर बैल फिरवून मळत व त्यात गूळ-हिरडा घालीत. जोते उंच ठेवण्याचे कारण नदीचा पूर, आणि भिंत रुंद ठेवण्याचे कारण वैशाखाचे ऊन. एकाच्या माळवदावरून दुसऱ्याच्या माळवदावर जाता येई. त्यामुळे वाळवण, गप्पा आणि अडीनडीची मदत सर्वांची मिळून असे. जुन्या जालन्यातील आनंदी स्वामींचे मंदिर महादजी शिंद्यांनी बांधल्याचे सांगतात. तेथे आषाढी एकादशीला उत्सव होतो, तेव्हा अशाच गल्ल्यांतून पालखीचे स्वागत होते.

जीर्णोद्धार कशाचा?

दप्तरी नोंदीत घराची लांबी-रुंदी येते, चतुःसीमा येतात. घरात गारवा का होता, पुराचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढे, हे कोठे लिहिलेले नसते. ते वृद्ध माणसांच्या तोंडी आणि दगडांत असते. माणूस गेला, दगड उपटला, की नोंद संपली. आज माळवदे जाऊन सिमेंटचे गिलावे आले. कुंडलिकेचे पात्र अरुंद झाले, त्यात सांडपाणी मिसळले. 2012-13 च्या दुष्काळात जालनेकरांनी पाण्यासाठी जे सोसले ते कोणी विसरलेले नाही. आणि घाणेवाडीचा गाळ नागरिकांनी लोकवर्गणीतून काढला, हेही विसरता कामा नये.

जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ जुने पाडून नवे बांधणे असा नाही. जीर्ण झालेल्यास उद्धरून पुन्हा उभे करणे, हा त्याचा अर्थ. मंदिराच्या घडीव दगडावर तैलरंग चढविण्यापूर्वी, शिलालेखावर फरशी बसविण्यापूर्वी, जुनी विहीर बुजविण्यापूर्वी प्रत्येक गावाने हा अर्थ आठवावा. मंदिरासाठी ज्या हातांनी वर्गणी दिली व श्रमदान केले, तेच हात नदीला व गढीच्या उरल्यासुरल्या दगडांनाही लागोत. देवाला अभिषेक करावयाचा तर पाणी निर्मळ हवे. ती निर्मळता गावास लाभो, हीच ईशचरणी प्रार्थना.