अहोरात्र चालणाऱ्या संगणकासाठी प्रोसेसर निवडताना...

प्रतिनिधी

घरातील संगणक दररोज सहा तास वापरला, तर वर्षाकाठी तो २,१९० तास चालतो. सोसायटीच्या सीसीटीव्हीचे चित्रीकरण साठवणारा, दवाखान्यातील रुग्णांच्या नोंदी सांभाळणारा किंवा छोट्या कार्यालयाचा सर्व्हर असलेला संगणक मात्र वर्षाचे सर्व ८,७६० तास सुरू असतो. घरच्या संगणकाची चार वर्षांची चाकरी तो एका वर्षात करतो. त्यामुळे त्याच्यासाठी प्रोसेसर निवडताना 'सर्वांत वेगवान कोणता' यापेक्षा 'न थांबता आणि न चुकता कोणता चालेल' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

उष्णता आणि वीजबिल

प्रोसेसरच्या माहितीपत्रकात वॅटमध्ये दिलेला आकडा ही बहुधा मूळ क्षमता असते, कमाल मर्यादा नव्हे. इंटेलच्या कोअर आय-९ १४९००के या प्रोसेसरची मूळ क्षमता १२५ वॅट असली, तरी भार वाढल्यावर तो २५३ वॅटपर्यंत जाऊ शकतो. एएमडीचे ६५ वॅटचे रायझन प्रोसेसर सहसा ८८ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतात. पंखा आणि पॉवर सप्लाय यांची निवड या वरच्या आकड्यानुसार करावी. उन्हाळ्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत तर ही दक्षता अत्यावश्यक आहे.

सतत खर्च होणारा प्रत्येक वॅट वर्षाला ८.७६ युनिट वीज घेतो. दोन संगणकांच्या सरासरी वापरात ४० वॅटचा फरक असेल, तर वर्षाला ३५० युनिट जादा जळतात. युनिटचा दर दहा रुपये धरल्यास हा भुर्दंड साडेतीन हजार रुपयांचा होतो. फाइल साठवणे किंवा मोजक्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण एवढेच काम असेल, तर चार कोअरचा, ६ वॅटचा इंटेल एन१०० पुरेसा ठरतो. तो पंख्याशिवायही चालवता येत असल्याने धूळ साचून पंखा बंद पडण्याची भीती उरत नाही. मात्र, त्याची मेमरी अधिकृतपणे १६ जीबीपर्यंतच वाढवता येते.

वेगाच्या हव्यासाचा धडा

अतिवेगाची किंमत काय असते, हे इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरनी दाखवून दिले. गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मिळाल्याने त्यांचे अंतर्गत मंडल झिजत होते आणि संगणक अचानक बंद पडत होते. कंपनीने २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड दिला आणि अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. कमी भारावर अनेक दिवस अखंड चालणाऱ्या संगणकांसाठी मे २०२५ मध्ये आणखी एक सुधारणा देण्यात आली. अर्थात, झिजलेला प्रोसेसर या सुधारणांनी पूर्ववत होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. जुना संगणक विकत घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

मेमरीतील मूक चुका

संगणक बंद पडला तर निदान कळते. नोंदीतील एखादा आकडा गुपचूप बदलला तर कळतही नाही. गुगलच्या सर्व्हरवर आधारित २००९ च्या अभ्यासात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक मेमरी मॉड्यूलमध्ये चुका आढळल्या होत्या. ईसीसी मेमरी एका बिटची चूक ओळखून दुरुस्त करते. ती वापरण्यासाठी प्रोसेसर व मदरबोर्ड या दोघांचीही साथ लागते. इंटेलचे झिऑन व एएमडीचे एपिक प्रोसेसर याच कामासाठी आहेत. बाराव्या ते चौदाव्या पिढीतील अनेक कोअर प्रोसेसरना त्यासाठी डब्ल्यू६८० चिपसेटचा मदरबोर्ड लागतो. अनेक रायझन प्रोसेसरवरही ही सोय मिळते. परंतु ५६००जी, ५७००जी यांवर ती नाही. डीडीआर-५ चिपच्या आत असलेली दुरुस्तीची सोय म्हणजे पूर्ण ईसीसी नव्हे. हिशेब आणि रुग्णांच्या नोंदी यांसाठी ईसीसीवर खर्च करणे योग्य; चित्रीकरणासाठी तिच्यावाचून अडत नाही.

खरेदीनंतर

ओव्हरक्लॉकिंग टाळावे. बायोस अद्ययावत करून वीजमर्यादा प्रोसेसरच्या उत्पादकाने सुचवल्याप्रमाणेच ठेवावी, कारण काही मदरबोर्ड ती परस्पर वाढवतात. वीज परतल्यावर संगणक आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये निवडावी आणि यूपीएस जोडावा. महत्त्वाचे काम सोपवण्यापूर्वी रात्रभर मेमरीची चाचणी घ्यावी व पूर्ण भारावर तापमान पाहावे. दोष लवकर उघड झाल्यास वॉरंटीत प्रोसेसर बदलून मिळतो. हरवलेल्या नोंदी मात्र कोणत्याही वॉरंटीत मिळत नाहीत. त्यासाठी दुसऱ्या जागी ठेवलेला बॅकअपच हवा.