फड्या निवडुंगाचा झुणका

भनपुरी म्हणजे रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावरचा कारखान्यांचा भाग. दिवसरात्र ट्रक आणि धूळ. तिथे आमचे एक निवृत्त सुभेदार साहेब राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, आता मुलाच्या नोकरीपायी इकडचे झालेले. गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो, तर परसाच्या कुंपणाला हिरवागार फड्या निवडुंग. इकडे त्याला नागफनी म्हणतात.

मी म्हटलं, "सुभेदार साहेब, याची भाजी होते."

वहिनी दचकल्याच. "अहो, जनावराचं खाणं ते! साहेबांना कसं वाढू?"

कुंपणाला लावतो म्हणून निवडुंग आपल्याला इथलाच वाटतो. पण फड्या मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोच्या झेंड्यावर गरुड बसलाय तो याच झाडावर. तिथे कोवळ्या फड्यांची भाजी आजही रोज बाजारात मिळते. युरोपियन जहाजांबरोबर तो जगभर पसरला.

हिंदुस्थानात त्याला महत्त्व आलं ते लाल रंगामुळे. फड्यावर कोचिनील नावाचा बारीक किडा वाढतो. तो वाळवून किरमिजी रंग काढत. शेरभर रंगाला हजारो किडे लागत. ब्रिटिश अधिकाऱ्यांचे भडक लाल डगले या रंगाचे असत. साध्या शिपायाच्या डगल्याला मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांचा स्वस्त रंग. म्हणजे रँक रंगातही होती! हा व्यापार स्पेनच्या मुठीत होता, तो कंपनीला फोडायचा होता. मद्रासला डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी निवडुंगाची बाग केली. पुढे 1795 साली कॅप्टन नीलसन या फौजी अधिकाऱ्याने रिओ दि जानेरोहून किडे कलकत्त्याला आणले.

पण किडा निघाला भलत्याच जातीचा. रंग हलका मिळाला, आणि वर त्याने उत्तर व मध्य हिंदुस्थानातल्या एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. किड्याकडून तण मारण्याचं जगातलं सुरुवातीचं उदाहरण म्हणून ही फसलेली मोहीम आज शिकवली जाते. 1926 मध्ये मात्र दुसऱ्या जातीचा किडा सिलोनहून मुद्दाम आणून दक्षिणेतला माजलेला फड्या मारला गेला.

आता स्वयंपाकाकडे. सर्व्हायव्हलचा पहिला नियम: ओळख पटल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. शेर, त्रिधारी यांना लोक निवडुंगच म्हणतात. पण मोडल्यावर पांढरा चीक निघाला की हात लावू नका. तो डोळ्यात गेला तर फार वाईट. फड्यातून बुळबुळीत, पण पाण्यासारखा रस येतो. रस्त्याकडेच्या धुळीतला घेऊ नये. आम्ही परसातल्याच वीतभर कोवळ्या फड्या चिमट्याने धरून कापल्या. मोठे काटे दिसतात, खरा शत्रू बारीक कुसं. सूचना देणाऱ्या मलाच ती बोटांत गेली, दोन दिवस काढत होतो.

फड्या गॅसवर भाजल्या, सुरीने खरवडल्या, धुऊन बारीक चिरल्या. मिठाच्या पाण्यात उकळून बुळबुळ ओतून दिली. मग कांदा, लसूण, हिरवी मिरची, वर बेसन. चिंच लागली नाही. हे झाड रात्री श्वास घेतं आणि आंबटपणा साठवतं. म्हणून सकाळी तोडलेली फडी दुपारच्यापेक्षा आंबट लागते. चव कोवळ्या भेंडी-गवारीच्या मधली.

सुभेदार साहेबांनी भाकरीबरोबर दुसऱ्यांदा घेतला. वहिनींनी मात्र एक घास खाल्ला आणि गप्प झाल्या. 1972 च्या दुष्काळात त्या लहान होत्या. वडील रानातून फड्या आणून, काटे जाळून बैलांना घालत. घरची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत आणि मुलं सुकडीच्या वाटीची वाट बघत.

"बैल जगले आमचे त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "माणसाला चालतं हे कुणी सांगितलंच नाही."

उरळीकांचनची बायफ संस्था आज बिनकाट्याचा निवडुंग चाऱ्यासाठी लावायला शिकवते. चांगलंच आहे. पण ज्या झाडाचा रंग हवा म्हणून समुद्रापलीकडून किडे आणले, त्याची भाजी होते ही साधी गोष्ट त्याच जहाजातून आली नाही. रंगाला गिऱ्हाईक होतं, भुकेला नव्हतं.

निघताना वहिनींनी विचारलं, "पुढच्या वेळी अंडं घालून करू का?" मेक्सिकोत तसंच करतात, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

जय हिंद.