शंकरशेट शिष्यवृत्ति

३१ जुलै १८६५ रोजीं नाना शंकरशेट निवर्तले. मुंबईच्या टाउन हॉलांत त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. परंतु चिरंजीव विनायकरावांनीं पित्याचें स्मारक परीक्षेच्या निकालांत उभारलें. त्यांच्या देणगींतून मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेसाठीं संस्कृताची शिष्यवृत्ति सुरू झाली. शिक्षण मातृभाषेंतून द्यावें म्हणून बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्यें सर अर्स्किन पेरींशीं झगडलेल्या पुरुषाचें नांव विद्यार्थ्यांच्या तोंडीं राहावें, हें उचितच झालें. १९१२ सालीं ती शिष्यवृत्ति चिंतामण द्वारकानाथ देशमुखांनीं मिळविली. पुढें ते आय. सी. एस. झाले, १९४३ मध्यें रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तरी संस्कृत कांहीं सुटलें नाहीं. कालिदासाचें मेघदूत त्यांनीं मराठींत आणलें. निकाल लागला कीं, ‘यंदा शंकरशेट कोणाला?’ हा प्रश्न कित्येक वर्षें मराठी घरांतून विचारला जाई.